फोनवर विचारतात ते साइटवर लिहा

हापूस विकणाऱ्या बागायतदाराचा फोन मार्चअखेरीपासून दिवसभर वाजत असतो, आणि फोनवरचे प्रश्न दरवर्षी तेच असतात. डझनाचा भाव काय? फळ केवढं आहे? तयार पाठवता की कच्चा? आमच्याकडे चिंचवडला घरपोच येतो का? कधी मिळेल? पैसे आधी भरायचे की पेटी आल्यावर? आणि आतून खराब निघाला तर? एवढं कळलं की गिऱ्हाईक पेटी सांगून मोकळं होतं. आता त्याच बागायतदाराची वेबसाइट उघडून पाहा. वर सरकती चित्रं, त्याखाली ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे’, मग कोकणच्या निसर्गसौंदर्यावर दोन परिच्छेद, आजोबांनी कातळ फोडून बाग कशी उभी केली त्याची हकिगत आणि तळाशी ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’. सातपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर तिथे नसतं.

छोट्या व्यावसायिकांच्या साइट सुधारून देणं हे माझं काम आहे. बागायतदार, घरगुती खानावळी, होम-स्टे, दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या बायका असे लोक माझ्याकडे येतात आणि बहुतेकांना वाटत असतं की साइट जुनी झाली, आता नवी करायला हवी. नव्या साइटची गरज क्वचितच असते. फोनवर तुम्ही जे रोज बोलता ते साइटवर नेऊन ठेवलं, तर आहे तीच साइट कामाला लागते. इथे हापूसचंच उदाहरण धरते, कारण ऑनलाइन विक्रीतल्या बहुतेक अडचणी त्यात एकत्र भेटतात. माल नाशवंत, हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, भाव सतत खाली-वर, गिऱ्हाईक लांबचं आणि त्याच्या मनात फसवणुकीची धास्ती.

काम सुरू करायचं ते वहीपासून. आठवडाभर फोनजवळ वही ठेवा आणि आलेला प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत टिपा. व्हॉट्सॲपवरची जुनी संभाषणंही चाळा, तिथे तर सगळं लिहूनच ठेवलेलं असतं. शब्द गिऱ्हाइकाचेच ठेवण्याचं कारण असं, की विकणारा ‘ए ग्रेड’, ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ म्हणतो आणि विकत घेणारी विचारते, ‘मुठीत मावेल एवढा आहे की मोठा?’ साइटवर उत्तर हवं ते तिच्या प्रश्नाला. वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न पानाच्या सर्वांत वर, त्यानंतरचा त्याखाली. साइटचा आराखडा तयार झाला. आजोबांची हकिगत काढून टाकायची नाही. ती वाचणारेही असतात. तिला तिचं वेगळं पान द्यावं.

भाव लिहायला बहुतेक जण कचरतात. भाव रोज बदलतो, शेजारचा बागायतदार बघेल, गिऱ्हाईक आकडा बघूनच पळेल, अशी तीन कारणं मला हमखास ऐकवली जातात. शेजाऱ्याला भाव काढायचाच असेल तर तो एक फोन करूनही काढतो. आकडा बघून जाणारं गिऱ्हाईक फोनवर आकडा ऐकूनही गेलंच असतं, फक्त तुमची पाच मिनिटं घेऊन. उरलं भाव बदलण्याचं. पाडव्याच्या सुमारास चढा असलेला भाव आवक वाढली की उतरतो आणि मे महिन्यात आणखी खाली येतो, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. म्हणून तारखेसह भाव लिहा: ‘१२ एप्रिलपासूनचा भाव’. ही एक ओळ मालकाला स्वतःच्या फोनवरून, कुणालाही न विचारता बदलता आली पाहिजे. साइट करून देणाऱ्याकडे बाकी काही नाही मागितलं तरी चालेल, पण एवढं मागाच. भाव बदलायला ज्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याची मनधरणी करावी लागते, त्याच्या साइटवर गेल्या वर्षीचेच आकडे राहतात.

आणि भाव कशाचा, तेही लिहायला हवं. ‘एक डझन’ म्हणजे काय? दोनशे ग्रॅमच्या फळांचा डझन सुमारे दोन किलो चारशे ग्रॅम भरतो आणि तीनशे ग्रॅमच्या फळांचा तीन किलो सहाशे. दीडपट फरक पडला. वजनाचा गट, पेटीतली फळं आणि घरपोच धरून एकूण रक्कम असा लहानसा तक्ता फोनवरची दहा मिनिटं वाचवतो. शेजारी एक फोटो असावा, त्यात प्रत्येक गटाचं एकेक फळ स्वयंपाकघरातल्या वाटीशेजारी ठेवलेलं. वाटी केवढी असते ते प्रत्येकीला माहीत असतं.

‘आमच्याकडे येतो का’ या प्रश्नाचं उत्तर देण्याचा उत्तम मार्ग पिनकोड आहे आणि त्याची पाळंमुळं कोकणातच आहेत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली सहा आकड्यांची ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ते रत्नागिरी जिल्ह्यातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी लेखक. यातला पहिला आकडा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड चारने सुरू होतात. पहिले तीन आकडे मिळून टपाल ज्या जिल्ह्यात छाटलं जातं तो जिल्हा सांगतात. म्हणून ४११ दिसलं की पुणे, ४०० दिसलं की मुंबई आणि ४२२ दिसलं की नाशिक. साइटवर अगदी वर ‘तुमचा पिनकोड टाका’ असा एक चौकोन ठेवला आणि तीन आकड्यांवरून ‘पुण्याला मंगळवारी व शुक्रवारी गाडी निघते, दुसऱ्या दिवशी पेटी घरी’ असं उत्तर दाखवलं, तर येतो का आणि कधी येतो हे दोन्ही प्रश्न तिथेच मिटतात. जिथे जात नाही तिथे ‘जात नाही’ असं स्वच्छ सांगावं. सगळा अर्ज भरून झाल्यावर शेवटच्या पायरीला ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही’ असं वाचावं लागलेला माणूस पुढच्या वर्षी परत येत नाही.

तयार की कच्चा, याचं उत्तर लिहायला मला सर्वांत जास्त आवडतं, कारण इथे बागायतदाराचं ज्ञान खरोखर उपयोगी पडतं. शहरातल्या पुष्कळ घरांतून आता आढी लावायची पद्धत गेली. पेटी आली की ती तशीच फ्रिजमध्ये जाते, फळ पिकायचं थांबतं, साल सुरकुतते आणि दोष बागेला लागतो. साइटवर चार ओळी असाव्यात: पेटी उघडून फळं पेंढ्यात किंवा कागदात पसरून ठेवा, एकावर एक रचू नका, रोज एकदा बघा, रंग आला आणि देठाशी वास सुटला की खायला घ्या, पिकल्यानंतरच फ्रिजमध्ये ठेवा. याच ओळी छापून पेटीत टाका. फळ पिकवता कसं, तेही सांगा. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. तुम्ही गवताच्या आढीत पिकवत असाल तर आढीचा यंदाचा फोटो टाका, इथिलीनच्या खोलीत पिकवत असाल तर तसं लिहा. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे त्यांवर आता कुणाचा विश्वास बसत नाही. कसं पिकवतो याचं साधं वर्णन मात्र विश्वासाने वाचलं जातं.

साक्याबद्दल तर बोललंच पाहिजे. हापूस बाहेरून निर्दोष, पिवळाधमक, आणि कापला की बाठ्याजवळ पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस गर. बाहेरून हे दिसत नाही, उत्तमातल्या उत्तम बागेत हे होतं, आणि बागायतदाराला ते पुरेपूर माहीत असतं. साइटवर मात्र साक्याचा उच्चार कुणी करत नाही. मी आग्रहाने सांगते, लिहा. ‘हापूसमध्ये काही फळांत साका निघू शकतो, तो बाहेरून ओळखता येत नाही. असं फळ निघालं तर कापलेल्या फळाचा फोटो अमुक दिवसांत या क्रमांकावर पाठवा, त्या फळाचे पैसे परत.’ मुदत आणि भरपाई तुम्ही ठरवा, पण आकड्यांत लिहा. ज्याने दोष आधीच सांगितला त्याच्याकडे गिऱ्हाईक तक्रार करतं तेव्हा आवाज चढवत नाही, हे मी अनेक बागायतदारांकडून ऐकलं आहे.

असली-नकलीची धास्ती यालाच लागून येते. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाच्या खोक्यात भरून विकला जातो, हे गिऱ्हाइकाने वर्तमानपत्रांत वाचलेलं असतं. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतलं फळच त्या मानांकनाखाली हापूस म्हणून विकता येतं आणि बागायतदाराला त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करता येते. नोंदणी केली असेल तर तिचा क्रमांक आणि प्रमाणपत्राचा फोटो पहिल्याच पानावर हवा. पुष्कळांनी ती केलेली असते आणि प्रमाणपत्र कपाटात ठेवलेलं असतं. सोबत गावाचं नाव, नकाशावर बागेची जागा, यंदाच्या काढणीचे फोटो. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत आंबा लावू नका. तोच आंबा गिऱ्हाइकाने आणखी चार साइटवर पाहिलेला असतो.

एवढं सगळं लिहिल्यावरही साइट चालते की नाही हे कळायला एकच उपाय आहे. खऱ्या माणसाला ती वापरताना बघायचं आणि स्वतः गप्प बसायचं. एका बागायतदाराच्या साइटसाठी मी पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेसमोर अशी बसले होते. त्यांना सांगितलं, ‘तुमच्या लेकीसाठी दोन डझनांची पेटी मागवा.’ त्यांच्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली होती, त्यामुळे बटणावरचे शब्द कापले जाऊन नुसतं ‘कार्टमध्ये जो’ एवढंच दिसत होतं. त्यांनी ते दाबलं. पडद्यावर काहीच हललं नाही. खरं तर वरच्या कोपऱ्यात पिशवीच्या चिन्हावर एक बारीक आकडा उमटला होता, पण त्यांचं लक्ष बोटाजवळ होतं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग चष्मा लावून आणखी एकदा. पुढच्या पानावर तीन पेट्यांची रक्कम आली. ‘अगं बाई, एवढे कसे झाले?’ म्हणत त्यांनी कमी करायची खूण शोधली, ती सापडली नाही, आणि फोन खाली ठेवत त्या म्हणाल्या, ‘मी आपली त्यांना फोनच करते.’

दोष त्यांचा नव्हता, बटणाचा होता. आम्ही ते बदललं. आता दाबताक्षणी त्याच जागी ‘१ पेटी घेतली’ असे शब्द येतात, दोन्ही बाजूंना कमी-जास्त करायच्या ठळक खुणा येतात आणि पडद्याच्या तळाशी एकूण रक्कम दिसत राहते. आपण केलेल्या कृतीचं काय झालं हे यंत्राने लगेच सांगावं, हे तत्त्व काही नवं नाही. डेन्मार्कमध्ये जन्मलेले सुलभतातज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा सूत्रांच्या यादीत ते पहिलंच आहे. याच नील्सन यांनी असंही दाखवून दिलं, की पाच माणसांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडथळे उघडे पडतात. तज्ज्ञ नेमायची गरज नाही. आत्या, शेजारचे काका, दुकानात येणारा एखादा मुलगा असे पाच जण पुरेत. फक्त त्यांना मदत करायची नाही. ‘वर कोपऱ्यात बघा ना’ असं तोंडून निघालं की परीक्षा फुकट गेली, कारण खऱ्या गिऱ्हाइकाशेजारी तुम्ही नसणार आहात.

बटणं, अक्षरं, रंग यांबद्दल दोन गोष्टी लगेच सांगून टाकते. बोटाने दाबायची जागा साधारण नऊ मिलिमीटर लांब-रुंद असावी, असा अँड्रॉइडचा दंडक आहे, आणि आंब्याची साइट आहे म्हणून पांढऱ्यावर पिवळी अक्षरं काढू नयेत. वेब सुलभतेच्या जागतिक निकषांनुसार मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडातला फरक किमान साडेचारास एक हवा. पांढऱ्यावर पिवळं त्याच्या जवळपासही जात नाही. पिवळा रंग फळाच्या फोटोत राहू द्या.

अर्ज भरणं हा गिऱ्हाइकाला सर्वांत कंटाळवाणा भाग वाटतो. अमेरिकेतले सुलभतातज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकिगत लिहिली. तिथे खरेदीच्या शेवटी ‘लॉगिन करा किंवा नोंदणी करा’ असं पान यायचं. नोंदणीचं बटण काढून तिथे ‘पुढे चला’ ठेवलं आणि खाली लिहिलं, की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पुरी करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात सुमारे ३० कोटी डॉलरची विक्री जास्त झाली. वर्षातून दोनदा आंबे मागवणाऱ्या माणसाकडे तर पासवर्ड मागणं हा अन्यायच आहे. नाव, मोबाइल, पिनकोड, पत्ता आणि जवळची खूण, एवढ्यावर पेटी पोचते. ईमेल सक्तीचा नको. मोबाइल आणि पिनकोडाच्या चौकोनात बोट ठेवलं की आकड्यांचाच कळफलक वर यावा. क्रमांकाआधी कुणी ९१ लिहिलं, मध्ये जागा सोडली, तर लाल अक्षरांत चूक दाखवू नये. ती जागा यंत्राने स्वतः गाळावी.

या अर्जात एक चौकोन बहुतेक साइट विसरतात. कॅलिफोर्नियात किंवा दुबईत राहणारी मराठी मुलं पुण्या-ठाण्यातल्या आईवडिलांसाठी पेट्या मागवतात, आणि हंगामात अशा ऑर्डरी कमी नसतात. पैसे भरणाऱ्याचा क्रमांक परदेशी, पेटी घेणाऱ्याचा इथला. साइटने एकच आणि तोही दहा आकडी क्रमांक मागितला, तर मुलगा अडतो. त्याने इथला क्रमांक दिला, तर पोचपावती आईच्या फोनवर जाते आणि ती गोंधळते. ‘पेटी कोणासाठी? माझ्यासाठी / दुसऱ्यासाठी’ एवढा एकच प्रश्न घाला, आणि दुसऱ्यासाठी असेल तरच घेणाऱ्याचं नाव नि क्रमांक विचारा. परदेशी कार्ड चालतं की नाही, हे याच ठिकाणी लिहा.

पैशांचं म्हणाल तर यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि छोट्या विक्रेत्याची मोठी अडचण सुटली. त्यातही एक चूक मला वारंवार दिसते. साइटवर क्यूआर कोडचं चित्र लावलेलं असतं आणि गिऱ्हाईक साइट पाहत असतं फोनवर. ज्या फोनवर कोड दिसतो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो वाचायचा कसा? लोक मग पडद्याचा फोटो काढतात, ॲप उघडतात, तो फोटो शोधतात आणि मधल्या मध्ये काही जण नाद सोडतात. फोनवरच्या गिऱ्हाइकासाठी थेट यूपीआय ॲप उघडणारं बटण द्या, ते जमत नसेल तर एका टिचकीत नक्कल होणारा यूपीआय आयडी द्या. क्यूआर संगणकावर पाहणाऱ्यांसाठी ठेवा. आणि ‘पैसे भरताना तुम्हाला हे नाव दिसेल’ असं लिहून बँक खात्यावरचं नाव द्या. साइटवर बागेचं नाव आणि यूपीआयवर अचानक कुणा व्यक्तीचं नाव आलं की माणूस थबकतो. ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्याने थबकावंच.

आता साइट उघडायला लागणारा वेळ. आजच्या फोनने काढलेला एक फोटो सहज पाच मेगाबाइटचा असतो. गिऱ्हाइकाला सेकंदाला चार मेगाबिटचा वेग मिळत असेल तर तो एक फोटो उतरायला दहा सेकंद लागतात, आणि पहिल्या पानावर असे पाच सरकते फोटो असले तर हिशेब तुम्हीच करा. नील्सन यांच्याच मांडणीनुसार दहा सेकंद ही माणसाचं लक्ष टिकण्याची शेवटची हद्द आहे. गूगलचा निकष आणखी कडक आहे. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. उपाय सोपा आणि फुकट आहे: फोटो बाराशे पिक्सेल रुंदीचा करा, वेबपी स्वरूपात साठवा, तो शंभर-दीडशे किलोबाइटपर्यंत उतरतो आणि फोनवर डोळ्यांना फरक जाणवत नाही. सरकती चित्रं काढून टाका. एक फोटो ठेवा आणि त्याखाली लगेच भाव. गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या मोफत साधनात साइटचा पत्ता टाकला, की कुठे किती वेळ जातो ते समजतं. कोकणातल्या बागेत बसून साइट बघू नका, पुण्यातल्या वायफायवरही नको. लोकलच्या डब्यात उभं राहून बघा, कारण मुंबईचं गिऱ्हाईक ती तिथेच उघडणार आहे.

मराठी मजकुराबद्दल माझा जीव जास्त तुटतो. अजूनही कितीतरी साइटवर भावपत्रक म्हणून छापखान्यातल्या जाहिरातीचं चित्र लावलेलं असतं, किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातला मजकूर तसाच चिकटवलेला असतो. चित्रातला मजकूर शोधयंत्र नीट वाचत नाही, गिऱ्हाइकाला त्यातला फोन नंबर दाबता येत नाही, पत्त्याची नक्कल करता येत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा वाचक-प्रोग्राम तिथे मुका होतो. जुन्या फाँटातला मजकूर तर दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये हवा. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा ‘मुक्त’ हा फाँट विनामूल्य मिळतो आणि फोनवर सुरेख वाचता येतो. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा. आणि साइट करणाऱ्याला सांगा की पानाची भाषा मराठी आहे ही खूण आत नोंदव. ती नोंदवली की चांगले फाँट ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात, आणि वाचक-प्रोग्राम मराठी उच्चार काढतो. एका शब्दाचं काम आहे, आणि ते पुष्कळदा राहून जातं.

शोधणारे मात्र मराठीत लिहितातच असं नाही. कुणी देवनागरीत ‘हापूस आंबा भाव’ लिहितं, कुणी तेच रोमन अक्षरांत, कुणी फोनला तोंडी विचारतं. म्हणून पानाचं शीर्षक ‘मुख्यपान’ असं न ठेवता ‘देवगड हापूस, पुणे-मुंबईत घरपोच’ असं ठेवा आणि मजकुरात एखाद्या ठिकाणी नावं रोमन लिपीतही येऊ द्या. गूगलवरची व्यवसायाची मोफत नोंद अद्ययावत ठेवा: फोन, वेळ, जागा. अनेकदा गिऱ्हाईक साइटवर येण्याआधी तीच बघतं. साइटचा पत्ता सुरक्षित प्रकारचा नसेल तर २०१८ पासून क्रोम त्याला ‘असुरक्षित’ असा शेरा मारतो. तो घालवायचं प्रमाणपत्रही विनामूल्य मिळतं.

कायदाही या बाबतीत गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क, परतीच्या अटी आणि सगळे आकार धरून एकूण किंमत स्पष्ट दिसली पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं, शेवटच्या पायरीला लपवलेले आकार दाखवणं, न मागितलेली वस्तू यादीत सरकवणं हे त्यात येतं. तयार साइटच्या साच्यांत ‘फक्त ३ पेट्या शिल्लक!’ असं आपोआप चमकवणारी सोय असते, आणि पुष्कळ मालकांना ती चालू आहे हेही माहीत नसतं. बंद करा. आंबापोळी, पन्ह्याचा अर्क असा प्रक्रिया केलेला माल विकत असाल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक पानाच्या तळाशी टाका.

ऑर्डर आल्यानंतरचा निरोप हादेखील साइटचाच भाग समजा. पैसे मिळाले, पेटी भरली, गाडीत चढवली, उद्या दुपारपर्यंत पोचेल: असे व्हॉट्सॲपवर तीन-चार छोटे निरोप गेले की ‘माझी पेटी कुठे आहे’ हा फोन येत नाही. हंगामातल्या फोनांत त्याचाच भरणा फार असतो. साइटवरच्या फोन क्रमांकाला बोट लागलं की फोन लागावा, व्हॉट्सॲपच्या बटणाला लागलं की संभाषण उघडावं आणि त्यात ‘मला दोन डझनांची पेटी हवी आहे, पिनकोड...’ असा मजकूर आधीच भरलेला असावा. पुष्कळ गिऱ्हाइकांना अर्ज भरायचाच नसतो, त्यांना माणसाशी बोलायचं असतं. त्यांची वाट अडवू नये. निवृत्त बाईंनी फोन करते म्हटलं तेव्हा तो क्रमांक त्यांना तीन पानं मागे जाऊन शोधावा लागला होता. आता तो प्रत्येक पानाच्या तळाशी स्थिर आहे.

जून उजाडला की आणखी एक काम उरतं आणि ते बहुतेक जण टाळतात. पाऊस सुरू झाल्यावरही साइटवर ‘बुकिंग सुरू’ दिसतं, कुणीतरी ऑगस्टमध्ये पैसे भरून मोकळं होतं आणि मग परतफेडीचा घोळ. हंगाम संपल्या दिवशी ऑर्डरचं बटण बंद करा, भाव उतरवा आणि वरच्या ओळीत लिहा: ‘यंदाचा हंगाम संपला. पुढची पेटी साधारण मार्चअखेरीस.’ त्याखाली फक्त मोबाइल क्रमांकाचा एक चौकोन द्या, पुढच्या वर्षी कळवायचं असेल त्यांच्यासाठी. होकाराची खूण आधीच करून ठेवू नका, ती गिऱ्हाइकाने स्वतः करायची, नियमही तेच सांगतात. त्या क्रमांकांवर मधल्या काळात सणासुदीच्या शुभेच्छांचे संदेश पाठवू नका. पहिली काढणी झाली की एकच निरोप पाठवा आणि त्यात तारीख, वजन नि भाव लिहा.